सासऱ्याची विजार

आकाशाला गवसणी घालणारा वीर शतकातून एखादाच जन्माला येतो, आणि कर्नल थॅडियस पॅक्स्टन हे त्यांपैकी एक होते. दोन महायुद्धं, सोळा पदकं, आणि तीनदा विमान कोसळूनही शाबूत राहिलेली हाडं. फक्त मोटारीत मागच्या सीटवर बसवलं की त्यांना मळमळायचं. तसं विमानातही मळमळायचं, पण ते पदकावर लिहीत नाहीत.

१९५६ साली हॉलिवूडने त्यांच्या आयुष्यावर चित्रपट काढायला घेतला आणि तांत्रिक सल्लागार म्हणून त्यांनाच नेमलं. रोज सकाळी स्टुडिओची गाडी ग्लेंडेलच्या त्यांच्या बंगलीपाशी यायची. कर्नल ड्रायव्हरशेजारी बसायचे आणि दिवसभर स्टेज नंबर नऊवर, कॅनव्हासच्या खुर्चीतून, नटांना सलाम ठोकायला शिकवायचे. त्यांच्या बायकोची, हेस्टरची, काही तक्रार नव्हती. निवृत्त नवरा दिवसभर घराबाहेर आणि जेवण स्टुडिओचं, याहून बाईमाणसाला अधिक काय हवं?

घोटाळा केला तो रंगीत कागदांनी. पटकथेत बदल झाला की बदललेली पानं नव्या रंगाच्या कागदावर येत. पांढऱ्या पानांवर सगळं खरं होतं: १९१९ साली तरुण लेफ्टनंट पॅक्स्टन विमान घेऊन सॅन डिएगोला निघाले, वाट चुकले आणि ऑक्सनार्डजवळ हेस्टरच्या वडिलांच्या घेवड्याच्या शेतात आपटले. निळ्या पानांवर घेवड्याचा गहू झाला, कारण घेवडा पडद्यावर उठून दिसत नाही. गुलाबी पानांवर वादळ आलं. पिवळ्या पानांवर हेस्टर पांढऱ्या घोड्यावरून दौडत आली आणि वीराने भर पावसात गुडघा टेकून तिला लग्नाची मागणी घातली.

कर्नल ही पानं न्याहारीच्या वेळी टोस्टबरोबर वाचत. हळूहळू त्यांना तसंच आठवायला लागलं. चर्चच्या जेवणात त्यांनी साऱ्या टेबलाला त्या घोड्याची गोष्ट सांगितली. दोन विधवांनी डोळे पुसले.

"कुठला घोडा?" घरी आल्यावर हेस्टरने विचारलं.

"तुझा."

"थॅड, आमच्याकडे खेचर होतं. एका डोळ्याने आंधळं."

"पण पांढरं होतं ना?"

"धुतलं की."

"मग झालं तर," असं म्हणून कर्नलनी पेपर उघडला.

हेस्टर स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, शेताच्या जागी पेट्रोलपंप आला होता. त्या दुपारचे साक्षीदार जगात दोनच उरले होते, आणि त्यातला एक फितूर झाला होता.

म्हणून तिने सही केली नाही. हयात माणसाला पडद्यावर आणायचं तर स्टुडिओला त्याची लेखी संमती लागे. मागणीचा प्रसंग शुक्रवारी चित्रित व्हायचा होता. गुरुवारी दिग्दर्शक लायल कॉर्विन यांनी गाडी पाठवून हेस्टरला स्टेजवर आणवलं, खुर्ची दिली आणि हातात पेनही दिलं. वर नळांतून पावसाची चाचणी चालली होती.

"घोडा आवडला नाही का, बाई? काळा आणू?"

"घोड्याशी माझं भांडण नाही. मला मागणी कशी घातली, ते माझ्या नवऱ्याला विचारा."

"कर्नलसाहेब?"

"गुडघ्यावर. भर पावसात," कर्नलनी बेधडक सांगून टाकलं.

"ऑक्सनार्डला? जूनमध्ये? तिथे उन्हाळाभर थेंब पडत नाही," हेस्टर म्हणाली.

"म्हणून तर लक्षात राहिला पाऊस."

हेस्टरने पेनाला टोपण लावलं आणि ते कॉर्विनच्या खिशात परत खोवलं.

प्रत्यक्ष प्रसंग पाहून बाई विरघळेल अशा आशेने कॉर्विननी तालीम सुरू करायला सांगितलं. कर्नलची भूमिका करणारा रोरी ट्रास्क पुढे आला. त्याची तुमान इतकी तंग होती की ती घातली होती की रंगवली होती, सांगणं कठीण. त्याने हेस्टर झालेल्या नटीकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि गुडघा टेकला.

टर्रर्र.

ट्रास्क दोन्ही हात मागे धरून उठला आणि पाठ कुणाला दाखवावी या विवंचनेत गोल फिरू लागला.

कर्नल खुर्चीतून सावकाश उभे राहिले. "हां," ते म्हणाले. "अस्सा उभा होतो मी."

"पावसात?" कॉर्विननी विचारलं.

"कसला पाऊस? ऊन रणरणत होतं. विमानातून उतरताना कुंपणाच्या तारेत अडकलो आणि मागचा सगळा भाग तारेवरच राहिला. त्यात पोटात ढवळत होतं. ही पायरीवर घेवडा सोलत बसली होती. मी विचारलं, सॅन डिएगो हेच का? तर म्हणाली, हे नाही, पण तुम्ही वळू नका."

"आणि मग बादलीत ओकलास," हेस्टर म्हणाली.

"सोललेल्या घेवड्याच्या." कर्नलचे डोळे लकाकले. "हिने बापाची विजार दिली. सासऱ्याचा घेर माझ्या दुप्पट. मग एप्रनची पिन काढून कंबरेला लावून दिली. पुढच्या रविवारी विजार परत करायला गेलो, तर विजारच विसरलो. त्याच्या पुढच्या रविवारीही विसरलो."

"असे अकरा रविवार."

"बाराव्या रविवारी तू काय म्हणालीस ते चारचौघांत सांगू नकोस."

"सांगते की. म्हटलं, बाबा विचारताहेत, विजार परत करतोस की घरातलाच होतोस?"

कॉर्विननी चष्मा काढून पुसला. "सुंदर," ते म्हणाले. "फारच सुंदर. पण पडद्यावर चालणार नाही."

"का?"

"अमेरिकन वीराची विजार फाटत नसते, बाई."

ट्रास्क अजून हात मागे धरूनच उभा होता.

"घोडाच राहू द्या," हेस्टर म्हणाली. "आणा ते पेन." तिने नवऱ्याला वाकायला लावलं आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. "लोकांना काय दाखवायचं ते दाखवा. फक्त ती पिवळी पानं आमच्या घरी पाठवू नका."

पहिल्या खेळाला आकाशात प्रकाशझोत फिरत होते, बँड वाजत होता, लाल गालिचा अंथरला होता. कर्नलच्या गणवेशाच्या कोटावर सोळाच्या सोळा पदकं होती. कोटाखाली तपकिरी, जाडीभरडी, घोळदार विजार होती. ट्रंकेतून ती कधी काढली ते त्यांनी हेस्टरला सांगितलं नव्हतं. फोटोवाल्यांनी सगळे फोटो कंबरेपर्यंतच काढले.

पडद्यावर विजा कडाडल्या. घोडा दौडत आला. वीराने गुडघा टेकला आणि दोन हजार माणसांच्या गर्दीत हुंदके फुटले. कर्नल हळूच हेस्टरच्या कानाशी वाकले.

"हेस्टर, शेवटी उभं राहून सलाम करायचाय," ते कुजबुजले. "पिन असेल तर दे."