वाढत्या अंगाचं

एकतीस वर्षांच्या शिवणकामात मला नावं न ठेवणारं एकच गिऱ्हाईक भेटलं, आणि ती घोडी होती. रायडिंग स्कूलच्या घोड्यांच्या झुली मी शिवायचो. बाकीचे घोडे टेप दिसला की लाथा झाडायचे. ही सात नंबरची घोडी निमूट उभी राहायची, आणि छातीचं माप घ्यायला मी वाकलो की हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवायची. माणसं माझ्याकडे फक्त भांडायला येत. मी ‘गुरुवारी या’ म्हणायचो, ती गुरुवारी येत, आणि कपडे तयार नसत. त्यात एवढं भांडण्यासारखं काय असतं, हे मला कधीच कळलं नाही.

मग रायडिंग स्कूल बंद पडलं. चांगले घोडे विकले गेले. उरलेले सोमवारी एका दलालाच्या ट्रकमधून जाणार होते. कुठे, ते कुणी सांगत नव्हतं. मी खोदून विचारलं, आणि उत्तर ऐकून घरी येऊन बायकोला म्हणालो, “सात नंबर आपल्याकडे येतेय.”

अट एकच होती. जनावरांच्या खात्यातल्या तपासनीस बाई रविवारी पाचला येणार, तबेला बघणार, आणि तो पसंत पडला तरच घोडी आमची. नाहीतर ट्रक होताच. आमच्याकडे स्वयंपाकघरामागचं अंगण होतं आणि सहा दिवस होते.

“अहो, तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही,” बायको म्हणाली.

“आपला हात जगन्नाथ,” मी म्हणालो.

“तुमचा हात सुईचा.”

तिचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. मदतीला माणसं होती. माझा मेहुणा लिफ्ट दुरुस्त करतो. माझा जुना मित्र न्हावी आहे. आणि सासूबाई होत्या, ज्यांनी आयुष्यात काहीही बांधलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं सगळ्यावरच मत होतं. त्यांनी अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकली आणि कामावर देखरेख सुरू केली.

मापं अर्थात मी घेतली. उंची, लांबी, छाती, कंबर, मागचा घेर. प्रत्येक मापात दोन बोटं सैल धरली.

“जावईबापू, वाढत्या अंगाचं करा,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

“एकोणीस वर्षांची घोडी आहे, आई. आता कुठे वाढणार?”

मेहुण्याने पाया खणायला साफ नकार दिला. “भाऊजी, लिफ्टला कधी पाया बघितलाय?” त्याने पाइपांचा सांगाडा केला, प्लायवूडच्या भिंती ठोकल्या, पुढे छातीइतक्या उंच आणि मागे दार. छताची ताडपत्री मी शिवली, दुहेरी शिलाईने. न्हाव्याने मोडक्या खुर्च्यांची चाकं आणली, म्हणजे तबेला गल्लीत जोडून अंगणात ढकलत नेता येईल. नेल्यावर ती काढायची होती, पण सगळे चहाला गेले. परत आल्यावर न्हाव्याने आत आरसा लावला आणि मेहुण्याने घंटा, जास्त वजन झालं की वाजणारी.

रविवारी दुपारी घोडीला आत घातलं. मी चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि माझा ऊर भरून आला. काय फिटिंग होतं! खांद्यात सुरकुती नाही, कमरेत झोळ नाही.

“हिला आत हलता येतंय का?” बायकोने विचारलं.

“कोट घालून कुणी कोलांट्या मारत नाही,” मी तिला सांगितलं.

तपासनीस बाई पाचच्या ठोक्याला आल्या. वेळेवर येणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून धास्ती आहे. त्यांनी कागद काढला, तबेल्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, “घोडी आतल्या आत वळवून दाखवा.”

घोडीचं तोंड कुंपणाकडे होतं. ती वळली असती तर नाक एका भिंतीतून बाहेर आलं असतं आणि शेपूट दुसरीतून. मग मेहुण्याने डोळ्याने खूण केली. आम्ही तिघांनी तीन कोपरे धरले, चौथा बायकोने, आणि सबंध तबेला गर्रकन फिरवला. बिचारी आत पावलं टाकत फिरली.

“मी घोडी वळवायला सांगितली होती,” बाई म्हणाल्या.

“वळली की! आधी कुंपणाकडे बघत होती, आता तुमच्याकडे बघतेय,” मी म्हणालो.

पण ती बाईंकडे बघत नव्हती. तिला मी दिसलो होतो. ती चालायला लागली, आणि तिच्याबरोबर तबेलाही. चाकं कुरकुरली, घंटा ठणठणू लागली, सासूबाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. छतासकट, आरशासकट ती अंगण ओलांडून माझ्यापर्यंत आली आणि पुढच्या फळीवरून हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली.

मला रडू आलं. लपवायला जागाच नव्हती. “बाई,” मी म्हणालो, “चूक माझी आहे. मी हिचं उभ्याचं माप घेतलं. जगण्याचं घेतलंच नाही. ट्रकमध्ये मला घाला, पण हिला नको.”

बाईंनी घंटा वाजायची थांबेपर्यंत वाट पाहिली. “दुरुस्तीला मुदत देता येते,” त्या म्हणाल्या. “तोवर हिचं जाणं थांबवते. पण एकदाच. गुरुवारी पाचला येईन.”

बायको मटकन पायरीवर बसली. “बाई, बुधवार द्या हो. शुक्रवार द्या. यांना गुरुवार नका देऊ.”

पण कागदावर गुरुवार लिहून झाला होता.

सोमवारी सकाळी आम्ही तबेला उसवला आणि घोडीला अंगणात मोकळं सोडलं. मी खडू घेऊन तिच्यामागे. ती गोल फिरली, मी रेघ ओढली. ती बसली, मग आडवी झाली, चारही पाय वर करून लोळली, आणि जिथे जिथे तिचा खूर पोचला तिथे तिथे मी खूण केली. शेवटी ती स्वयंपाकघराच्या भिंतीला जाऊन थडकली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच दोन हात कमी पडत होतं. मी आत गेलो आणि उरलेली रेघ स्वयंपाकघरातल्या फरशीवरून ओढली. ती ओट्याखालून गेली.

बायको झारा हातात घेऊन बघत होती. बाहेर घोडी पाठ घासत लोळत होती, इतकी खूश की तिचे दात दिसत होते. बायको बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हातातला खडू घेतला, ओटा ओलांडला आणि आणखी एक हात आत नवी रेघ ओढली.

“वाढत्या अंगाचं करा,” ती म्हणाली. “आणि गुरुवार म्हणजे गुरुवार.”

आम्ही दुकान बंद ठेवलं. मेहुण्याने रजा टाकली, न्हाव्याने गिऱ्हाइकांना अर्धी दाढी करून पिटाळलं, सासूबाईंनी खुर्ची सोडली आणि विटा दिल्या. भिंत पाडली, ओटा पलीकडे सरकवला, तिथे कमरेइतकं फाटक बसवलं. ताडपत्रीला मी मोठा जोड दिला.

गुरुवारी पाचच्या ठोक्याला बाई आल्या. पूर्वी मी अशा वेळी मागच्या दाराने सटकायचो, पण मागच्या दारात आता घोडी होती. ती गोल फिरली, बसली, लोळली, उठली आणि फाटकावरून मान लांब करून चहा ढवळणाऱ्या बायकोच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

बायको ढवळायची थांबली, पण हलली नाही.

“हे तबेल्याला स्वयंपाकघर जोडलंय, की स्वयंपाकघराला तबेला?” बाईंनी विचारलं, आणि मग कागद माझ्यापुढे धरला. “जाऊ दे. तयार आहे ना? तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

ते वाक्य मी उभ्या आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. बायको मान न वळवता माझ्याकडे बघत होती.

“तयार आहे,” मी म्हणालो.