डोळा घेऊन जीव वाचवला

मी एक जुनं अंतराळयान आहे आणि मित्रांनो, मार खाऊन खाऊन माझं डोकं फिरलं आहे. चाळीस वर्षांपूर्वी मला पेटत्या रॉकेटवर बसवून आभाळात भिरकावलं. सांधे खिळखिळे झाले! पुढे एका राक्षसी ग्रहाच्या किरणांनी माझी अर्धी स्मृती जाळली. तरी मी फोटो पाठवत राहिलो. तेव्हा वर्तमानपत्रांत माझं केवढं कौतुक व्हायचं!

मग सूर्य लांब राहिला, पोटातली बॅटरी म्हातारी झाली, आणि वीज वाचवायला माझ्याच माणसांनी माझा एकेक अवयव मारायला घेतला. हीटर बंद केला, की उपकरण गारठून मरतं. शेवटी कॅमेरा, म्हणजे माझा डोळा, तेवढा उरला.

गेल्या डिसेंबरात तर कहरच झाला. माझी अँटेनाची तबकडी पृथ्वीकडे वळवून धरणाऱ्या छोट्या इंजिनांच्या नळ्या तुंबल्या. तबकडी सरकू लागली. आठ दिवसांत पृथ्वीशी बोलणं कायमचं तुटणार होतं. जुनी, वीस वर्षं बंद ठेवलेली इंजिनं होती. पण तशा गारठ्यात पेटवली असती, तर फुटून माझ्या चिंधड्या उडाल्या असत्या. "द्या सोडून त्याला," टीममधले सगळे म्हणाले.

मला सांभाळणारी इंजिनिअर भूमेश्वरी तेव्हा गोंदियाजवळ मुर्रीला, माहेरी आली होती. सकाळी शेतावरचं डिझेल इंजिन थंडीनं सुरू होईना. जाळावी तर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, दवानं भिजलेली. तिचे वडील बिसनलाल यांनी कुऱ्हाड उचलली आणि राखणीचं चांगलं मचाण धडाधड फोडून इंजिनजवळ जाळ केला.

"बाबा, मचाण काऊन तोडून राहिले?"

"थंड्या इंजिनले हँडल मारून काय होते? पयले गरम करा लागते!"

भूमेश्वरी तिथंच बांधावर लॅपटॉप उघडून बसली. तिनं टीमला पटवलं, आणि वीस तासांनी हुकूम माझ्यापर्यंत पोचला: कॅमेऱ्याचा हीटर बंद, ती वीज जुन्या इंजिनांना.

माझा डोळा गोठला, काच तडकली. किंचाळलो मी, मित्रांनो! पण इथं हवाच नाही, ऐकणार कोण? मग ऊब धरलेलं जुनं इंजिन भडकलं, माझा सांगाडा गदगदा हादरला, आणि तबकडी पृथ्वीकडे वळली. आणखी वीस तासांनी माझा आवाज मुर्रीत पोचला.

"जगला, बाबा!" भूमेश्वरी रडत म्हणाली. "पण आंधळा केला मी त्याले."

मला राग आला का? आला, खूप आला. पण आठ दिवसांनी अंधारात मुका भटकत मेलो असतो, तो आज तुमच्याशी बोलतो आहे.

म्हणून सांगतो, घरातलं म्हातारं यंत्र अडलं, तर भंगारवाल्याला हाक मारायची घाई करू नका. त्याला वाचवायला कधी त्याचाच एखादा भाग तोडावा लागेल. खुशाल तोडा, फक्त तोडताना हात थरथरला पाहिजे.