दुप्पट रेनेट

माझे वडील स्टेर्गियोस पिंडोसच्या डोंगरात पन्नास वर्षं चीज करत होते. दूध गोठवायचं रेनेट आम्ही कोकराच्या वाळवलेल्या जठरापासून घरीच बनवायचो. हंडाभर कोमट दुधाला एक पळी घातली की पाऊण तासात दूध सुरीनं कापण्याजोगं घट्ट व्हायचं.

त्या मे महिन्यात ते वीस-बावीस मिनिटांतच गोठू लागलं. आधीचं चीजही कडू निघालं.

"चारा चांगला आहे यंदा," बाबा म्हणाले.

"चाऱ्यानं वेळ अर्ध्यावर येतो होय?"

"आता तू शिकव मला."

मला वाटलं, रेनेटच कडक उतरलंय. दोन पातेल्यांत सारखं दूध घेतलं. एकात नेहमीचं माप, दुसऱ्यात दुप्पट. पहिल्याला पाऊण तास लागला, दुसऱ्याला त्याच्या निम्मा. म्हणजे रेनेटमध्ये खोट नव्हती.

दुसऱ्या सकाळी दारातून पाहत राहिले. बाबांनी पळी ओतली, ढवळलं, बाहेर जाऊन कुत्र्याला हाकललं आणि परत येऊन पुन्हा पळी ओतली.

त्यांच्या नकळत मी बरणीत रेनेटइतकंच मिठाचं पाणी मिसळलं. दोन पळ्या मिळून एकीचं काम करू लागल्या, आणि जुलै नीट गेला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी एकदाच ओतलं. पाऊण तास झाला तरी दूध पातळच.

"लांब्रिनी, रेनेट मेलं गं."

"थांबा जरा. गोठेल."

त्यांनी बरणीत बोट बुडवून चाखलं.

"पाणी आहे यात. कुणी घातलं?"

"मी."

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. ते बाकावर बसले.

"ते कडू चीज म्हणजे माझ्यामुळेच?"

"हो, बाबा."

"गावात बोललीस कुणाला?"

"नाही."

"बोलू नकोस."

दीड तासानं दूध गोठलं. बाबांनी सुरी माझ्यापुढे धरली. "तूच काप. मी कापलं की नाही, तेही मला आठवायचं नाही."

मी कापलं. तुकडे वेडेवाकडे पडले. एरवी त्यांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी ते तुकडे तसेच फडक्यात गाळायला घेतले.

पुढच्या वसंतात मी मेंढ्या घेऊन एकटीच वर कुरणावर गेले. बाबा खाली गावात माझ्या थोरल्या बहिणीकडे राहिले. मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "तुमचे वडील कुठले, बाई?"