ब्यूक कुणी उचलेना

मी नॉर्थ डकोटा सोडून ॲरिझोनाला लेकीच्या गावी राहायला यायचं कबूल केलं ते एकाच अटीवर, की माझी जुनी ब्यूक गाडी माझ्यामागोमाग आली पाहिजे. जोलीन म्हणाली, येईल की. मी म्हटलं, मग मीही येते. आम्हा मायलेकींत एवढंच बोलणं झालं, आणि आमच्याकडे एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

खरं तर मी स्वतःच चालवत आणली असती. उभा जन्म शाळेची पिवळी बस चालवली, बर्फाच्या वादळात पोरं घरोघर पोचवली, एकालाही खरचटू दिलं नाही. पण गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि डॉक्टरने लांबवर गाडी चालवायला साफ मनाई केली. म्हणून निघायच्या दिवशी गाडी शेजारच्या व्हर्नच्या गराजमध्ये लावली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्याची बायको आणि माझा नवरा एकाच हिवाळ्यात गेले. तेव्हापासून एकमेकांच्या दारातला बर्फ आम्ही आळीपाळीने उपसत आलो होतो.

टूसॉनला जोलीनने माझ्यासाठी तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून लहानसं घर बघून ठेवलं होतं. घर छान आहे, नाव ठेवायला जागा नाही. दारात संत्र्याचं झाडही आहे. पण दुकान लांब, चर्च लांब, वाचनालय लांब, आणि उन्हात रस्त्याने चालणारी म्हातारी दिसली की लोक गाडी थांबवून विचारतात, "बाई, काही मदत हवीय का?" थोडक्यात, कुठेही जायचं तर जोलीनला फोन. ती इस्पितळात रात्रपाळीची नर्स. दिवसा झोपायची, आणि गुरुवारी सुट्टी असायची तेव्हा मला आठवड्याचं सगळं करून आणायची. इतर दिवशी मी संत्र्याखाली बसून लोकांच्या गाड्या बघायचे. दूध संपलं तर काळी कॉफी प्यायचे, पण फोन करायचे नाही. जिने अख्ख्या पंचक्रोशीची पोरं वाहून नेली तिने दुधासाठी लेकीची झोप मोडायची? माझ्या जिवावर यायचं ते.

"गाडीचं काय झालं?" मी दर गुरुवारी विचारायचे.

"ट्रक मिळत नाहीये, आई. सीझन आहे ना," जोलीन म्हणायची.

सीझन होता खरा. ऑक्टोबर लागला की उत्तरेकडचे म्हातारे थंडीला पाठ दाखवून इकडे पळतात. स्वतः विमानाने येतात आणि गाड्या ट्रकवर लादून पाठवतात. इथले लोक त्यांना हिवाळी पाखरं म्हणतात. आमच्या गल्लीत विस्कॉन्सिनच्या, मिनेसोटाच्या नंबर प्लेटा दिसायला लागल्या. समोर आयोवाची लाल पिकअप येऊन उभी राहिली, आणि तिचा मालक माझ्यानंतर राहायला आलेला. माझी ब्यूक मात्र जिथल्या तिथे.

व्हर्न फोनवर म्हणाला, "काल पहिला बर्फ पडला. गाडी मजेत आहे तुझी. अधूनमधून सुरू करून बघतो."

"ट्रकवाल्याचा काही निरोप?"

"नाही बुवा. आपल्या गल्लीतल्या हॅन्सनची गाडी गेली परवा, तिकडेच, फिनिक्सला. सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ट्रक दारात."

"दुसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या असेल," व्हर्न घाईघाईने म्हणाला. कुणाला वाईट वाटलेलं त्याला बघवत नाही.

हॅन्सनची जाते आणि माझी का जात नाही, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी गाडी पाठवून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसला मीच फोन लावला. केल्विन नावाचा एक मुलगा बोलला. आवाजावरून नुकतीच मिसरूड फुटलेली असावी.

"मॅडम, तुमची गाडी आमच्या बोर्डावर आहे. सगळे ट्रकवाले तो बोर्ड बघतात, आणि ज्याला भाव परवडतो तो उचलतो."

"मग माझीच का कुणी उचलत नाही? वास येतो का तिला?"

"तसं नाही हो. भाव फार कमी लावलाय. या दिवसांत एवढ्यात कुणी सायकलसुद्धा नेणार नाही."

"मग हे तुम्ही सांगायला नको?"

तो जरा घुटमळला. "सांगितलं, मॅडम. तुमच्या मुलीला दोनतीनदा सांगितलं की थोडा वाढवा, लगेच उचलतील. त्या म्हणाल्या, राहू दे आहे तसा. घाई नाही म्हणाल्या."

घाई नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दर गुरुवारी शेजारी बसून माझी पोर मला तोंडावर सीझन सांगत होती, आणि मी बावळटासारखी मान डोलवत होते.

"वाढव भाव," मी केल्विनला म्हटलं.

"किती वाढवू?"

"लगेच उचलतील इतका. पैसे माझ्या कार्डावर घे, आणि माझ्या मुलीला फोन करायचा नाही. गाडी माझी आहे."

आमच्या मुलखात राग आला की माणसं ओरडत नाहीत, केक भाजतात. त्या दुपारी मी दोन भाजले.

दुसऱ्याच दिवशी व्हर्नचा फोन आला. ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून धान्याच्या कोठारापाशी गाडी नेऊन दिली होती. ड्रायव्हर दुमित्रू नावाचा, मूळचा मोल्दोव्हाचा. टाकी भरलेली नको, सामान नको असं म्हणाला होता, तरी व्हर्नने डिकीत माझा बटाट्याच्या पोळ्यांचा मोठा तवा दडपलाच.

"सगळ्यात वरच्या मजल्यावर चढवली त्याने," व्हर्न म्हणाला. "सगळा देश बघत येईल ती." आता दोन्ही दारांतला बर्फ त्याला एकट्याला उपसायचा होता. मी हवा कशी आहे विचारलं, आणि त्याने ती नीट तपशीलवार सांगितली.

जोलीनला मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. गुरुवारी ती मला न्यायला दारात आली, तेवढ्यात दुमित्रूचा फोन. तुमच्या गल्लीत ट्रक वळणार नाही, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये या.

"कुठे जायचं, आई?"

"सुपरमार्केटला," मी म्हटलं. खोटं काही नव्हतं त्यात.

पार्किंगच्या एका कडेला तो लांबलचक ट्रक उभा होता. वर माझी ब्यूक, सगळ्या देशाची धूळ अंगावर घेऊन. जोलीनने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

"आपली गाडी ना ती?"

"माझी," मी म्हटलं. "भाव वाढवला मी. केल्विनने सगळं सांगितलं."

तिने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. "आई, इथलं ट्रॅफिक किती वाईट आहे तुला..."

"जोलीन."

ती थांबली. मला वाटलं आता आमच्या घरच्या रीतीप्रमाणे विषय इथेच मिटणार. पण ती बोलायला लागली, समोरच्या काचेकडे बघत.

"ट्रॅफिक नव्हतं कारण. गाडी आली की तू मला फोन करणार नाहीस. मला काय माहीत नाहीस तू? कुणाकडे काही मागायचं म्हटलं की जीव जातो तुझा. इतकी वर्षं रविवारचा फोन. हवा बरी, तब्येत बरी, ठेवते आता. घरी समोरासमोर बसलो की दोघी टीव्ही बघतो. पण या गाडीत बसलीस की तू बोलतेस, आई. बाबांनी तुला लग्नाचं कुठे विचारलं ते मला मागच्या गुरुवारी कळलं, सिग्नलला थांबलो होतो तेव्हा. पन्नाशी उलटली माझी." तिने नाक पुसलं. "चुकलं माझं. पण मला अजून थोडे गुरुवार हवे होते."

मला राग यायला हवा होता. दोन केक भाजण्याइतका होताही. पण तिचं ऐकता ऐकता तो कुठल्या कुठे गेला. पोरीला माझ्याशी बोलायची भूक होती, आणि ती मला समजलीच नव्हती. हे तिला सांगायचं सोडून मी आमच्याकडे सगळेच म्हणतात तेच म्हणाले.

"बरं."

दुमित्रूने काचेवर टकटक केलं. गाडी खाली उतरवून तो माझ्याबरोबर तिच्याभोवती फिरला. इथे गंज, इथे पोचा, इथे ओरखडा. "जुनंच आहे ना हे सगळं?"

"सगळं माझंच आहे," मी म्हटलं, आणि सही केली.

सामानाची ढकलगाडी घेऊन चाललेले एक गृहस्थ ब्यूकच्या नाकातून लोंबणारी वायर बघून थबकले. "इलेक्ट्रिक आहे होय ही?"

"नाही हो. आमच्याकडे रात्री इंजिनालाही थंडी वाजते. शेगडी लावून झोपवावं लागतं त्याला." त्यांना ती थट्टाच वाटली, पण तिकडे खरंच ती वायर विजेला जोडून इंजिन रात्रभर ऊबदार ठेवावं लागतं.

घरी मी माझ्या गाडीतून आले, आणि जोलीन तिच्या गाडीतून माझ्यामागे. चाक हातात आल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी चक्क गुणगुणत होते. मग आरशात लक्ष गेलं. दोन गाड्या, आणि प्रत्येकीत एकेकटी बाई. माझ्या पोरीला हेच तर नको होतं.

शनिवारी सकाळी तिची पाळी सुटायच्या वेळेला मी इस्पितळाच्या दारात जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली, डोळे लाल, केस विस्कटलेले.

"काय झालं, आई?"

"काही नाही. बस."

"माझी गाडी आहे की इथे."

"राहू दे. संध्याकाळी मी सोडते तुला. उद्या सकाळी परत येते."

"रोज?"

"मला दुसरा काय उद्योग आहे? बस आता, मागे लोक खोळंबलेत."

ती बसली. आधी प्रत्येक वळणाला तिचा पाय उगाच ब्रेक दाबत होता. मग एका पेशंटचं काहीतरी सांगायला लागली. कुठल्याशा खेड्यातला म्हातारा, रात्रभर त्याला आपल्या गाईंची काळजी. तिसऱ्या सिग्नलपाशी तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मी बाजूला बघितलं तर मान कललेली, तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेली. एवढ्या जवळून मी तिला झोपलेली बघून किती वर्षं झाली असतील, मला आठवेना.

तिचं घर आलं. मी वेग कमी केला नाही.