इझिकेलच्या हेलिकॉप्टरातला हँडब्रेक

हँडब्रेक बोलतोय मी. दचकू नका. दचकलात की मला ओढाल, आणि हल्ली मला ओढलं की माणूस वर जातो. तसा वर नाही हो, हेलिकॉप्टरात बसून.

माझं शिक्षण दातांपुरतं. लोखंडाचे नऊ दात होते मला. ओढलं की कट्‌ कट्‌ कट्‌, गाडी जागेवर. बटण दाबून खाली सोडलं की गाडी मोकळी. एवढ्या बाराखडीवर मी पेणच्या इझिकेलच्या टेम्पोत चोवीस वर्षं काढली. तुमच्यातले किती पदवीवाले चोवीस वर्षं एका जागी टिकलेत, सांगा बघू.

इझिकेल बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. त्याचे वाडवडील तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ह्याने घाण्याऐवजी टेम्पो घेतला, पण शनिवार तसाच पाळला. गणपतीच्या हंगामात हमरापूरचे मूर्तिकार चिडवायचे, "शेट, आजच काय ते भरा. उद्या बाप्पा हलतील, तुम्ही नाय हलणार."

मला एक खोड होती. चढावर गाडी उभी केली की एखादा दात मी हळूच सोडायचो. कट्‌. टेम्पो वीतभर मागे, आणि इझिकेलचा चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा. मला मोठी मजा वाटायची. हमरापूरच्या चढावर एका दुपारी तसाच एक दात सोडला, आणि पुढचा धरलाच गेला नाही.

टेम्पोत मूर्ती होत्या, आणि मागे दोर बांधत गुणाजी उभा होता. गुणाजी म्हणजे शेजारी, भात-वालाचा शेतकरी, हंगामात मूर्ती भरायला यायचा. त्याने बाजूला उडी टाकली. चाक दगडाला अडलं. मूर्तींना ओरखडा नाही.

"वालासारखा सोललो असतो आज," गुणाजी म्हणाला, आणि सगळे हसले. इझिकेल हसला नाही.

पुढच्या महिन्यात त्याने टेम्पो रोह्याच्या भंगारात घातला. मला मात्र स्वतः पान्याने सोडवून घरी आणलं. शिक्षा म्हणून की आठवण म्हणून, ते त्याने कधी सांगितलं नाही. तेव्हापासून कुणाच्याही गाडीत बसला की त्याचा डावा हात सीटच्या बाजूला चाचपडत राहायचा. एसटीत बाजूला बसलेल्या बायका उठून दुसरीकडे जायच्या. माझी गंमत त्याच्या हाडात जाऊन बसली होती, आणि ती काढायची कशी ते मला ठाऊक नव्हतं.

मग डेबोराचा फोन आला. ही त्याची एकुलती लेक, लग्न करून इस्रायलला गेलेली. तिला दिवस गेले होते. जावयाने, नथानियलने, दोन तिकिटं पाठवली.

"मी नाय बसणार विमानात," इझिकेल म्हणाला. "माणसाच्या हातात काय नसतं तिथं."

"माझी पिशवी धरा हातात," एस्थर म्हणाली. ती त्याची बायको, चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसलेली. "मी जाणार. तुम्हाला नातवंड फोनवर बघायचं असेल तर बघा."

तिने बॅग काढली. एकच. ती बॅग बघून माझा गंज उभा राहिला.

तोडगा काढला गुणाजीच्या मुलाने, साईराजने. हा रोह्याला कंपनीत असतो. शिफ्ट सुटली की त्याला काहीतरी जोडायला लागतं. "काका, आधी घरातल्या घरात उडवून बघा," म्हणाला, आणि त्याने विमान उडवायचा खेळ घातलेला आपला कॉम्प्युटर आणून मांडला. "विमान लावतो. सोपं असतं."

"विमान नको. हेलिकॉप्टर लाव."

"ते कठीण असतं ओ."

"आमचे एलियाहू हनाबी, प्रेषित, रथातून सरळ वर गेले. अलिबागकडे खडकावर चाकांच्या खुणा हायत अजून. त्यांनी धावपट्टी मागितली नाय."

साईराजने पडद्यावर हेलिकॉप्टरं दाखवली. इझिकेलने सगळ्यात चिमुकलं निवडलं, दोन सीटचं. गाडी लहान तर भीती लहान, असा हिशेब. साईराज सांगत होता, की लहानच जास्त नाचतं. ऐकतो कोण?

हेलिकॉप्टरात डाव्या हाताला एक दांडा असतो. वर घेतला की उचलतं, खाली केला की उतरतं. बाजारातला दांडा मागवायचा तर वेळ नव्हता. साईराजची नजर खिळ्याला टांगलेल्या माझ्यावर गेली. त्याने माझे नऊच्या नऊ दात कानशीने घासून काढले, बुडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि मला प्लास्टिकच्या खुर्चीशेजारी फळीवर ठोकून वायरीने कॉम्प्युटरला जोडलं. बोळका झालो. आता कट्‌ म्हणून खोडी काढायचीही सोय राहिली नाही.

इझिकेलने एस्थरला अट घातली, "रविवारी पहाटे विमान. त्याच्या आत एकदा न मोडता खाली उतरवलं, तर येतो."

"आणि मोडलं तर?"

"तर तू जा गो."

दोन आठवडे होते. पहिल्या दिवशी त्याने अकरा हेलिकॉप्टरं मोडली.

खोट कुठे होती ते मला तिसऱ्या खेपेलाच कळलं. उतरताना जमीन जवळ आली की तो घाबरायचा. घाबरला की डावा हात ब्रेक ओढणार आणि डावा पाय, क्लच समजून, तोंड फिरवायचं पेडल दाबणार. टेम्पो थांबला असता. हेलिकॉप्टर उलट उसळून वर जायचं, भोवऱ्यासारखं फिरायचं आणि मग आपटायचं. थांबवायला ओढतोय तो मला, आणि मीच त्याला उडवतोय. ओरडून सांगावं तर तोंडात दात नाहीत.

गुणाजी रोज तमाशा बघायला यायचा. एकदा पडद्यावर रेल्वेच्या रुळांवरून कासूकडे उडत जाताना इझिकेल म्हणाला, "हे बघ तुझं शेत."

"माझ्या शेतात चार माळ्याची बिल्डिंग कोणी बांधली?"

"कॉम्प्युटरने."

"सातबारा कोणाच्या नावावर हाय, विचार त्याला," असं म्हणून गुणाजी खरंच जरा काळजीत पडला. तेवढ्यात त्याच बिल्डिंगवर हेलिकॉप्टर आपटलं, तेव्हा त्याचं समाधान झालं.

दुसऱ्या आठवड्यात साईराजने मोठं, जडसं हेलिकॉप्टर लावून दिलं. ते पुष्कळ ठाम उभं राहायचं. तरी जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आलं की इझिकेलची मूठ आवळायची. त्या मुठीचा घाम मला चांगला ओळखीचा. हमरापूरच्या चढावरचाच होता तो.

गुरुवारी एस्थर तांदूळ निवडता निवडता बघत होती. शेवटी ताट बाजूला ठेवून ती म्हणाली, "अहो, विहिरीत कळशी कशी सोडतात?"

"दोराने."

"पाण्याजवळ आली की वर ओढता काय?"

"नाय."

"मग? दोर हातात ठेवून सोडत जायचं. सोडलं म्हणजे टाकलं नव्हे."

इझिकेलने पुन्हा मला धरलं. त्या दिवशी आणखी सहा मोडली, पण सातवं नुसतं लंगडलं.

शुक्रवार उजाडला. दिवस मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवार सुरू, मग यंत्राला हात नाही. शनिवारी शब्बाथ सुटला की लगेच मुंबईला निघायचं. म्हणजे काय ते त्या संध्याकाळपर्यंतच. एस्थर दिवे लावायची तयारी करत होती. कोपऱ्यात ती एकच बॅग.

शेवटची खेप. हेलिकॉप्टर मैदानावर आलं. इझिकेलने मला खाली घ्यायला सुरुवात केली. झाडाच्या उंचीवर. मग घराच्या उंचीवर. मग पुरुषभर. मूठ आवळली. मी जीव धरून बसलो. ओढतोय, आता ओढतोय. पण अंगठा जरा सैल झाला, आणि मी केसभर खाली गेलो. आणखी केसभर. दोन हात राहिले असतील, आणि लाईट गेली.

पडदा काळा. पंखा थांबला. गुणाजी हळूच म्हणाला, "गेली."

इझिकेल उठला नाही. काळ्या पडद्याकडे बघत त्याने मला सोडणं चालू ठेवलं, त्याच वेगाने, अगदी फळीला टेकेपर्यंत. मग हात काढला.

"उतरलं काय रे?" गुणाजीने विचारलं.

"काय ठाऊक."

एस्थरने काडी ओढली आणि दिवे लावले. त्या उजेडात त्याने कोपऱ्याकडे बघितलं. "दुसरी बॅग कुठं हाय गो?"

ती म्हणाली, "भरलेली हाय. पलंगाखाली."

ते गेले. रविवार माझा कसा गेला, कोणाला सांगू? सोमवारी गुणाजी किल्ली घेऊन खिडक्या उघडायला आला, तेव्हा त्याचा फोन वाजला. माझ्या शेजारीच उभं राहून त्याने मोठ्या आवाजात निरोप लावला. इझिकेलचा आवाज. "पोचलो. वाटेत विमान लय हादरलं. माझा डावा हात गेला आपसूक. तिथं हिचं मनगट होतं. ओढलं मी."

मागून एस्थर, "सुजलंय, सांगा त्याला."

"मग हळू सोडलं," इझिकेल म्हणाला.

गुणाजीने तो निरोप तीनदा ऐकला आणि खुर्चीवर बसून नाक शिंकरलं.

मी आता फळीला टेकून पडलेला असतो. अंगावर धूळ आहे, ट्यूबची पट्टी सैलावली आहे. इझिकेल कधी परतेल, परतेल की नाही, ह्याची धास्ती आहेच. इथून गेलेले बरेचजण तिकडचेच झाले. ती धास्ती माझी मी बघतो. तुम्हाला एवढंच सांगणं, की कधी एखाद्या घाबरलेल्या माणसाच्या डाव्या बाजूला बसायची वेळ आली तर हात काढून घेऊ नका. थोडं सुजेल.