येनोआजीनं अडवलेलं दार

किडेनच्या भाचीला कळा सुरू होऊन अख्खी रात्र गेली, दुपार कलली, तरी पोर खाली सरकेना. तशी बाळंतीण जोकुडू तरी कोण मोठी लागून गेली होती? पंधरा वर्षांची पोरच ती. दक्षिण सुदानातून पळून येताना तिची आई वाटेतच गेली, आणि तेव्हापासून मावशी हीच तिची आई. युगांडातल्या या वसाहतीत दोघींना एक खोली मिळालेली. भिंती मातीच्या, वर ताडपत्री, आणि दार एकच. त्या दारात येनोआजी पाय पसरून बसली होती, आणि तिच्या मागं शेजारच्या बायका.

"नाव घे गं," येनोआजी म्हणाली. "पोटात नाव अडकलं की पोर अडकतं."

"घेतलं की, आजी. तोंगुन. किती वेळा घेऊ?"

"तोंगुनचं ऐकलं. आता दुसऱ्याचं घे."

"दुसरा कोणी नाहीच."

"मग पोर का अडलंय?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, सांगा. लपवलेल्या पुरुषाचं नाव ओठावर आल्याशिवाय बाई मोकळी होत नाही, आणि तोवर तिनं उंबरा ओलांडला तर सगळ्या वस्तीला बाधतं, असं या बायका मानत आलेल्या. गाव सोडताना भांडीकुंडी टाकून आल्या, पण ही समजूत मात्र नीट बांधून बरोबर आणली. येनोआजी दुष्ट होती असं मुळीच नाही. निम्म्या वस्तीची पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. म्हणूनच तिच्यापुढं तोंड उघडायची कुणाची छाती होत नसे. आणि ज्याचं हे पोर, तो तोंगुन केव्हाच सीमेपलीकडं पसार झालेला.

खरं सांगायचं तर किडेनही त्यांच्यातलीच. पहाटेपासून तीच भाचीच्या कानाशी लागली होती, "असेल तर सांगून टाक, बाळा." दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, पोरीची हाडं अजून भरली नाहीत, कंबर अरुंद आहे, कळा लागल्या की लगेच घेऊन या. ते तिनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

एक कळ ओसरली तशी जोकुडूनं मावशीचा हात ओढला. "मावशी, कुणाचंही खोटंच घेऊ का नाव? मग जाऊ देतील?"

मरणाच्या दारात पोरगी तिलाच विचारत होती, खोटं बोलू का म्हणून. पोरीचे ओठ पांढरे पडलेले, डोळे खोल गेलेले. ही आता हातची जाते, हे किडेनला लख्ख कळलं, आणि स्वतःचा असा काही संताप आला की विचारू नका.

ती उठली. बाहेर आंब्याखाली वस्तीतल्यांची भाड्यानं ने-आण करणारा अझिकू मोटारसायकल घेऊन उभा होता, त्याला तिनं हाक मारली. "गाडी चालू कर रे. युंबेच्या मोठ्या दवाखान्यात जायचंय."

"नाव निघाल्याशिवाय नाही," येनोआजी जागची हलली नाही.

"बरोबर आहे, आजी." किडेन तिच्यासमोर मांडी घालून बसली. "पण माझी आजी म्हणायची, बाळंतिणीच्या दारात जो बसतो, त्याच्या पोटातलंही बाहेर यावं लागतं. एकीनं जरी लपवलं तरी पोर अडतं. तेव्हा सगळ्याच बोलू या. तुम्ही वडीलधाऱ्या, तुमच्यापासून सुरुवात."

किडेनची आजी असं कधी म्हणाली होती की नाही, देव जाणे. पण दारातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मी कशाला?" येनोआजी म्हणाली.

"तुमचा थोरला कुणावर गेलाय, यावर पाणवठ्यावर रोज चर्चा असते. एकदाचं तुमच्या तोंडून ऐकू. मग या बाकीच्या."

मागची एक उठली. "अगं बाई, माझी चूल तशीच पेटलेली आहे." दुसरीला शेळी आठवली. तिसरी काही न बोलताच सटकली. उरली एकटी येनोआजी. तिनं किडेनकडं पाहिलं, आत कण्हणाऱ्या पोरीकडं पाहिलं, आणि भिंतीला हात टेकत उठून बाजूला झाली.

जोकुडूला मध्ये घेऊन, मागून घट्ट धरून किडेन बसली. अझिकू खड्डे चुकवत निघाला. "मावशी, हिला झोपू देऊ नका, बोलत राहा," तो सारखा म्हणत होता. किडेन बोलत राहिली. रडतही होती, पण बोलत होती.

दवाखान्यात पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. सुरुवातीला गप्पच होती, मग असं काही भोकाड पसरलं की पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून उठली. जोकुडू शुद्धीवर आली आणि पहिलं काय म्हणाली? "मावशी, भूक लागली." किडेन तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडली. जिंकलो, जिंकलो, असं एकसारखं तिच्या मनात चाललं होतं.

घरी सोडायच्या आधी नर्सनं पाळणा लांबवायचे उपाय समजावले. जोकुडूनं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि दंडात कातडीखाली गर्भ न राहू देणारी बारीक कांडी बसवून घेतली. "पुढचं पोर मी म्हणेन तेव्हा," ती म्हणाली, "आणि शाळा त्याच्या आधी."

अझिकूनं त्यांना दारात आणून सोडलं तेव्हा वस्तीतल्या बायकांनी जिभा हलवून असा गजर केला की कोंबड्या उडाल्या. पोरगी स्वतःच्या पायांवर उतरली, बाळ छातीशी धरून, ताठ मानेनं. किडेननं येनोआजीसाठी वाटेत चांगल्या चार शिव्या जमवून ठेवल्या होत्या. पण म्हातारी पुढं आली ती धाकट्या नातसुनेला हाताला धरून. नातसून लहानखुरी, जोकुडूच्याच वयाची, पोट चांगलं दिसण्याइतपत पुढं आलेलं.

"किडेन," येनोआजी खालच्या आवाजात म्हणाली, "हिला तपासायला दवाखान्यात कधी न्यायचं असतं गं?"

किडेननं त्या पोरीकडं पाहिलं. शिव्या कुठल्या कुठं गेल्या.

"आत्ताच," ती म्हणाली. "अझिकू, गाडी बंद करू नकोस."