बोट सुटलं की चाल झाली

नेव्हिल ऑर्मच्या हाताला मुळात स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. समोर पट मांडलेला असो वा नसो, बोटं कशाशी तरी चाळा करायचीच. त्या रविवारी दुपारी, पबच्या मागच्या खोलीत, त्याने बिअरखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीचा पार भुगा केला होता. वाटाण्यांवर पुदिन्याची चटणी तशीच थिजत चालली होती.

समोर त्याची मुलगी टॅमझिन. उद्या सकाळी ती नोकरीसाठी न्यूझीलंडला निघणार होती. बॅगा भरून घरी दारात ठेवल्या होत्या आणि आज पबच्या साखळीचा अंतिम सामना होता, राक्षस-बुटक्यांच्या सोंगट्यांनी पटावर खेळायच्या चेंडूच्या खेळाचा, बापलेकीतच.

आदल्या रात्री भांडी विसळताना ती म्हणाली होती, "डॅड, उद्या एकदा तरी खरा खेळ. मुद्दाम हरलास तर मला कळेल, आणि मग मी फोनसुद्धा करणार नाही."

"मी कधी मुद्दाम हरलो गं?"

"नऊ वर्षांची असल्यापासून."

हे खरं होतं. नऊ वर्षांची असताना पटावरच्या राक्षसाने तिची लाडकी बुटक्याची सोंगटी खाल्ली आणि पोरगी जेवेपर्यंत हुंदके देत राहिली. तेव्हापासून नेव्हिल ऐन मोक्याच्या वेळी चुकायला लागला. आपलं हे प्रेम कोणाला कळत नाही, अशी त्याची समजूत होती. बापमाणसांच्या अशा बऱ्याच समजुती असतात.

आज मात्र त्याला जिंकायचं होतं. जीव तोडून जिंकायचं होतं.

आता एक-एक बरोबरी होती आणि नेव्हिलची शेवटची खेळी. सामना बरोबरीत सुटला तर साखळीत वर असलेल्या टॅमझिनलाच चषक. पण त्याच्या पिपकिन नावाच्या बुटक्याच्या हातात चेंडू होता आणि शेजारीच त्याचा राक्षस गफर उभा होता. या खेळात राक्षस आपल्याच गड्याला उचलून भिरकावू शकतो. बुटका पुढे जाऊन पडायचा, पायावर उभा राहिला तर उठून पळायचा आणि रेषा ओलांडायची. सगळं जुळून आलं होतं. गफरने फक्त त्याला उचलून फेकायचं.

फक्त एक अट. फेकण्याआधी बुटक्याला घरातून हलवायचं नाही. त्या खेळीत तो एकदा चालला, की पडल्यावर पळायला मिळत नाही.

नेव्हिल मनात मोजत होता. फाशाचा वारा फेकलेल्या बुटक्याला इकडे नेईल की तिकडे? आणि मोजता मोजता त्याच्या बोटांनी, त्याला न विचारता, पिपकिनला उचलून राक्षसाच्या दुसऱ्या अंगाला, एक घर पुढे ठेवलं. बोटं सुटली.

खोलीत कोणीतरी "अरेरे!" म्हणालं.

"बोट सुटलं की चाल झाली," साखळीचा पंच डेझमंड खर्जात म्हणाला. हा या पबचा कायदा होता, तो कोणासाठी वाकत नसे.

नेव्हिलने हात झटकन मागे घेतला.

टॅमझिनने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "केलंसच ना शेवटी."

"चुकून झालं, टॅम. शपथ."

"एवढा जुना खेळाडू, आणि चुकून? बरं, परत घे. माझी हरकत नाही."

"परत कशी घेऊ? चाल झाली."

"पाहिलंस डेझमंड? परतही घ्यायची नाही. याला हरायचंच आहे." तिचा आवाज फाटला. "मी तुझ्या बरोबरीची कधी होणारच नाही का रे?"

परत घेतली तर तिच्या दयेवर जिंकणं, नाही घेतली तर मुद्दाम हरणं. नेव्हिलने तरीही गफरकडून पिपकिनला फेकायचं ठरवलं. वाऱ्याने थेट रेषेपार नेलं तर अजून आशा होती.

आधी मठ्ठ राक्षसाचं डोकं चालतं की नाही, त्याचा फासा. चार. डोकं चाललं. मग त्याच्या भुकेचा फासा; एक आला तर त्याला हातातल्या बुटक्याचीच भूक लागते.

एक.

"अजून आहे," डेझमंड म्हणाला. "पुन्हा एक आला तरच खातो. नाहीतर निसटेल."

नेव्हिलने फासा मुठीत घोळवला, घोळवला, आणि टाकला. फासा वाटाण्यांच्या बशीला आपटून थांबला.

एक.

गफरने पिपकिनला गिळलं. चेंडू घरंगळला. सामना संपला.

नेव्हिल उभा राहिला, खुर्ची मागे पडली. "तुझ्यामुळे!" तो गरजला. "बडबड करून डोकं फिरवलंस माझं! आणि ती बशी! बशीला लागलेला फासा कुठे धरतात का, डेझमंड? आणि हिचा तो एल्फ गडी मघाशी एक घर जास्त पळाला! मी मोजलं होतं! गप्प बसलो!"

"मग बोलला का नाहीस?" टॅमझिन थक्क होऊन म्हणाली.

"आणि अकरा वर्षांची असताना कोपराने फासा उलटवायचीस! पाहायचो मी! चोरटी कुठली! जिंकत होतो आज मी, जिंकत होतो!" त्याच्या डोळ्यांत रागाचं पाणी आलं होतं. त्याने गफरला उचलून असं आपटलं की त्याचा एक हात तुटून वाटाण्यांत पडला.

टॅमझिनने तोंडावर हात दाबला. आधी तिचे खांदे हलले, मग ती खो-खो हसायला लागली, आणि हसता हसताच रडायला.

"हसतेस काय?"

"डॅड, तुला खरंच जिंकायचं होतं."

"मग काय गंमत करत होतो?" नेव्हिल अजून धुमसतच होता. त्याने खुर्ची उचलून धाडकन सरळ केली आणि बसला. "मांड परत. उद्याचं विमान किती वाजता आहे?"

"दहाला."

"पुष्कळ वेळ आहे. मांड. आणि कोपर टेबलाखाली ठेव."

तिने डोळे पुसले, वाटाण्यांतून राक्षसाचा हात शोधून काढला, चाटून स्वच्छ केला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"तू तुझे हात खिशात घाल आधी," ती म्हणाली.